सांगाडा जुना, मेंदू नवा: सीएनसी प्लाझ्मा मशिनचं रेट्रोफिटिंग म्हणजे नेमकं काय?

भोसरी असो, सातपूर असो की कोल्हापूरची शिरोली, एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये डोकावलंत तर एक लांबलचक लोखंडी टेबल दिसण्याची शक्यता बरीच आहे. टेबलावर पोलादी प्लेट, तिच्यावरून रुळांवर सरकणारा आडवा पूल आणि त्या पुलावर उभी लटकलेली टॉर्च. बटण दाबलं की टॉर्चच्या टोकातून डोळे दिपवणारा झोत निघतो आणि स्क्रीनवर जे चित्र असतं तेच प्लेटमधून कापून बाहेर येतं. बंगल्याच्या गेटची नक्षी, ट्रॉलीच्या चॅसिसच्या पट्ट्या, टाक्यांचे फ्लँज, सगळं याच टेबलावर. हे सीएनसी प्लाझ्मा कटिंग मशिन.

असं मशिन दहा-पंधरा वर्षं चालतं आणि एका सकाळी त्याची स्क्रीन उजळतच नाही. लोखंड ठणठणीत असतं, मोटर फिरतात, कापणारी पॉवर सप्लायही शाबूत असते. गेलेला असतो तो फक्त कंट्रोलर. कंपनीला फोन केला तर उत्तर येतं, ते मॉडेल बंद झालं, नवीन मशिनचं कोटेशन पाठवू का?

इथे दुसरा एक रस्ता असतो. जुना सांगाडा तसाच ठेवायचा आणि त्याला नवा मेंदू बसवायचा. यालाच रेट्रोफिटिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, आणि बरंचसं सोपं आहेही. पण ज्या दोन-तीन जागी ते फसतं, त्या जागा कंट्रोलरच्या डब्यात नसतात. म्हणूनच हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेण्यासारखा आहे.

एका मशिनमध्ये तीन मशिन

सीएनसी प्लाझ्मा दिसायला एक असलं तरी आत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे सांगाडा: टेबल, रूळ, गॅन्ट्री म्हणजे तो आडवा पूल, रॅक-पिनियन, गिअरबॉक्स आणि मोटर. दुसरी म्हणजे प्लाझ्मा सोर्स. हा दाबाखालची हवा किंवा गॅस नोझलच्या बारीक छिद्रातून सोडतो आणि त्यातच विजेचा आर्क पेटवतो. त्या आर्कचं तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. धातू वितळतो आणि झोताच्या जोराने खाली उडून जातो. तिसरी गोष्ट म्हणजे कंट्रोलर, जो पहिल्या दोघांना सांगतो की आता इकडे सरक, आता पेटव, आता विझव.

या तिघांचे जन्मही वेगळे. आकड्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मिलिंग मशिन अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने १९५२ मध्ये दाखवलं. प्लाझ्मा आर्कचं पेटंट युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये मिळालं. पुढे दोन्ही एकत्र आले. मधल्या काळात कागदावर काढलेली रेघ एका प्रकाश-डोळ्याने वाचत तिच्यामागे टॉर्च फिरवणारी ट्रेसर मशिनही होती. काही जुन्या शॉपमधल्या ज्येष्ठ ऑपरेटरांना ती अजून आठवत असतील.

तिघांचं आयुष्यही सारखं नसतं, आणि रेट्रोफिटचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

मेंदू आधी म्हातारा का होतो?

रुळांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर सांगाडा दशकानुदशकं टिकतो. इलेक्ट्रॉनिक्सचं तसं नाही. बोर्डावरचे कॅपॅसिटर वाळतात. पॅरामीटर जपून ठेवणारी छोटी बॅटरी एका सुट्टीत मरते आणि सोमवारी मशिनला स्वतःचं मापही आठवत नाही. भरीला प्लाझ्माची धूळ. ती वाळूची नसते, लोखंडाची असते, म्हणजे वीज वाहून नेणारी. पॅनेलच्या पंख्यातून ती आत जाऊन बोर्डावर बसली की पुढचं वेगळं सांगायला नको.

छोट्या मशिनची आणखी एक अडचण आहे. जगभर अशी असंख्य मशिन साध्या डेस्कटॉप संगणकावर, मॅक-थ्री नावाच्या सॉफ्टवेअरने चालवली गेली. संगणक मशिनशी बोलायचा तो मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टमधून. आता नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट सहसा नसतोच, आणि मॅक-थ्रीचा प्रिंटर पोर्ट वापरणारा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणंही थांबवलं. त्यामुळे जुना संगणक गेला की मालक जुन्या बाजारात तसाच दुसरा शोधत फिरतो. हे किती दिवस चालणार?

आधी लोखंड तपासा

नवा कंट्रोलर विकायला आलेला माणूस हे सांगेलच असं नाही, पण सांगाड्यात खेळ असेल तर नवा मेंदू त्याच चुका फक्त जास्त वेगाने करेल. म्हणून पैसे मोजण्याआधी लोखंडाची परीक्षा घ्यायची.

मशिन अजून कसंबसं चालत असेल तर एक मोठं वर्तुळ कापून बघा. घड्याळात १२, ३, ६ आणि ९ जिथे असतात, त्या चार जागांवर वर्तुळ चपटं किंवा दातेरी आलं, तर पिनियन किंवा गिअरबॉक्समध्ये बॅकलॅश आहे. कारण नेमक्या त्याच चार जागी एकेक अक्ष आपली दिशा उलटी करतो, आणि दातांमधली ढिलाई तिथेच उघडी पडते. मशिन बंद पडलेलंच असेल तर मोटर पॉवरवर लॉक करून गॅन्ट्री हाताने ढकला आणि डायल गेज लावून किती हलते ते पाहा.

झिजलेलं पिनियन बदलता येतं, ते फार महाग प्रकरण नाही. पण गॅन्ट्रीच वाकलेली असेल, रूळ मध्येच बसलेला असेल किंवा प्लाझ्मा सोर्सचे नोझल-इलेक्ट्रोड बाजारात मिळेनासे झाले असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: रेट्रोफिटच्या नादी लागू नका. तीनपैकी दोन गोष्टी बदलायच्या असतील तर ते मशिन नवीनच घ्यावं. आणि शॉपमध्ये येणारं बहुतेक काम दोन-तीन मिलिमीटर पत्र्याचं असेल, तर ते काम फायबर लेझरकडे सरकतंय हेही हिशोबात धरा. प्लाझ्माचं खरं राज्य जाड प्लेटवर आहे.

नवा मेंदू कुठला घ्यायचा?

ढोबळमानाने तीन पर्याय. पहिला, तयार पॅनेल कंट्रोलर. स्क्रीन, बटणं आणि आतला संगणक एकाच डब्यात. चीनमधल्या फँगलिंग आणि स्टारफायर या कंपन्यांचे असे डबे बरेच प्रचलित आहेत. पेन ड्राइव्हने फाइल टाका आणि कापा. दुसरा, संगणकावर आधारलेली व्यवस्था. यात लिनक्स-सीएनसी हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर येतं. त्याचं मूळ अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मोजमाप संस्थेच्या एका प्रकल्पात आहे, आणि त्यात खास प्लाझ्मासाठी क्यूटी-प्लाझ्मा-सी नावाचा भाग मिळतो. मेसा कंपनीच्या कार्डांबरोबर तो चांगला जमतो. तिसरा पर्याय म्हणजे हायपरथर्मच्या एज कनेक्टसारखे औद्योगिक कंट्रोलर. मोठ्या कारखान्यांना ते परवडतात.

जॉबवर्क करणाऱ्या, ऑपरेटर वरचेवर बदलणाऱ्या शॉपला मी तयार पॅनेलच सुचवेन. नवा मुलगा दोन दिवसांत शिकतो. लिनक्स-सीएनसी जास्त सामर्थ्याचं आहे यात वाद नाही, पण ते ज्याला समजतं तो माणूस शॉप सोडून गेला की मशिन अनाथ होतं. घरात कोणी तरी हौशी असेल तर मात्र त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

खरी परीक्षा: टॉर्चची उंची

आता या विषयाचा गाभा. लाकूड कापणाऱ्या राउटरचा कंट्रोलर प्लाझ्माला लावला तर गॅन्ट्री मस्त पळेल, आकारही बरोबर निघेल, पण कट वाईट येईल. कारण प्लाझ्मात टॉर्च प्लेटपासून किती उंच आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि ती उंची चालू कटमध्ये सतत बदलत असते. उष्णतेने प्लेट फुगते, वाकते. मुळात ती सपाट असतेच कुठे?

एक कट सुरू होताना काय काय घडतं ते बघा. टॉर्च आधी खाली येऊन प्लेटला हलकेच टेकते, म्हणजे प्लेट नेमकी कुठे आहे ते कळतं. मग ती वर उचलली जाते, भोक पाडायच्या उंचीला. हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स मालिकेतल्या बऱ्याच तक्त्यांमध्ये कापायची उंची १.५ मिलिमीटर आणि भोक पाडायची उंची त्याच्या अडीचपट, म्हणजे ३.८ मिलिमीटर दिलेली असते. भोक जास्त उंचीवरून का? तर पहिल्या क्षणी वितळलेलं लोखंड खाली जायला वाट नसते, ते वर उडतं आणि थेट नोझलमध्ये शिरतं. आर्क पेटून प्लेटवर पोचला की सोर्स कंट्रोलरला कळवतो, आर्क ओके. मग प्लेटच्या जाडीनुसार ठरलेला क्षणभराचा थांबा, टॉर्च कापायच्या उंचीला, आणि मग कुठे गॅन्ट्री हलते.

ही आर्क-ओकेची तार रेट्रोफिटमध्ये सर्रास गाळली जाते. काम तर चालतं ना, असा युक्तिवाद असतो. चालतं. पण ज्या दिवशी आर्क पेटत नाही, त्या दिवशी टॉर्च रिकामीच आख्खा आकार फिरून येते, आणि जिथे अर्धवट पेटला तिथे प्लेट वाया जाते.

कट चालू असताना उंची मोजायची कशी? तिथे कुठला सेन्सर टिकणार? इथे एक सुंदर युक्ती आहे. आर्क जितका लांब, तितका त्याचा व्होल्टेज जास्त. म्हणजे आर्कचा व्होल्टेज हीच मोजपट्टी. व्होल्टेज वाढला तर टॉर्च खाली आण, कमी झाला तर वर घे. याला टॉर्च हाइट कंट्रोल, थोडक्यात टीएचसी म्हणतात. आर्कचा व्होल्टेज शंभर-दीडशेच्या आसपास असतो आणि पेटण्याआधी त्याहून बराच जास्त, त्यामुळे तो थेट कंट्रोलरला देता येत नाही. मध्ये डिव्हायडर लागतो. ५० भागांत एक या प्रमाणात १५० व्होल्टचे ३ व्होल्ट होतात. सोर्सच्या मागे सीएनसीसाठी वेगळा सॉकेट असेल तर हे काम सोपं. नसेल तर सोर्स उघडून आतून तार काढावी लागते, आणि ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनचंच आहे. आतले कॅपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही काही काळ भरलेले राहतात.

युक्ती सुंदर असली तरी भाबडी आहे. कोपऱ्यावर टॉर्चचा वेग कमी होतो, आर्क एकाच जागी जास्त लोखंड खातो, फट रुंदावते आणि व्होल्टेज वाढतो. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो तिला खाली दाबतो आणि टॉर्च प्लेटला धडकते. आधी कापलेल्या फटीवरून जाताना हेच होतं. म्हणून कोपऱ्यावर आणि फटीवर टीएचसी आपोआप गोठवणारा कंट्रोलरच घ्यावा. कोटेशन मागताना हा एक प्रश्न विचारलात तर समोरच्याला प्लाझ्मा कळतो की नुसतं सीएनसी, हे लगेच समजेल.

आणखी एक बारकावा. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफनियम धातूचा बारीक ठिपका असतो. प्रत्येक वेळी पेटताना तो थोडा झिजतो, तिथे खड्डा पडतो, आणि त्याच उंचीवर व्होल्टेज वाढत जातो. सकाळी १२० व्होल्टवर सेट केलेलं मशिन दुपारपर्यंत टॉर्च नकळत खाली आणत राहतं. चांगले कंट्रोलर यावर तोडगा काढतात: प्रत्येक कटच्या सुरुवातीला योग्य उंचीवर जो व्होल्टेज असेल तोच मोजून पुढे धरून ठेवतात. ही सोय असेल तर ऑपरेटरचं निम्मं डोकं शांत राहतं.

न ऐकू येणारा गोंगाट

नवा कंट्रोलर बसवला, कोरडी चाल उत्तम झाली, टॉर्च पेटवली आणि स्क्रीन गोठली. किंवा गॅन्ट्री दोन इंच भलतीकडे सरकली. मग दोष कंट्रोलरला, सॉफ्टवेअरला, कधी व्हायरसलाही दिला जातो. खरा गुन्हेगार बहुतेकदा वेगळाच असतो.

अनेक प्लाझ्मा सोर्स आर्क पेटवण्यासाठी उच्च दाबाची, उच्च वारंवारतेची ठिणगी वापरतात. ती ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. तिच्या लहरी आसपासच्या प्रत्येक तारेत शिरतात, आणि कंट्रोलरला वाटतं मोटरला आणखी हुकूम आले. काही सोर्स ठिणगीऐवजी नोझलमधला भाग हवेने मागे ढकलून आर्क पेटवतात. त्यांचा त्रास कमी असतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. तोच प्रोग्रॅम टॉर्च बंद ठेवून चालवा. बरोबर चालला आणि पेटवल्यावरच बिघडला, तर दोष गोंगाटाचा. उपाय मात्र मेहनतीचे. टॉर्चची केबल आणि सिग्नलच्या तारा एकाच ड्रॅग चेनमधून नेऊ नयेत. सिग्नलला शील्ड असलेली केबल, आणि ते शील्ड सहसा कंट्रोल पॅनेलकडच्या टोकालाच अर्थ करायचं. कंट्रोलर बंद लोखंडी पॅनेलमध्ये. संगणकाशी जोडणी यूएसबीने करण्यापेक्षा इथरनेटने करावी, कारण इथरनेटच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतो आणि तारेचा थेट विद्युत संबंध तुटलेला राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. टेबल, गॅन्ट्री, पॅनेल आणि सोर्स यांच्या अर्थच्या तारा एकाच बिंदूवर आणायच्या, एकातून दुसऱ्यात माळेसारख्या न्यायच्या नाहीत. टेबलाजवळ स्वतंत्र अर्थ रॉड असावा आणि जोडणी आखूड, जाड असावी. आपल्याकडे जमीन काळ्या कातळाची. पावसाळ्यात अर्थिंग छान लागतं आणि एप्रिल-मे महिन्यात खड्डा सुकला की प्रतिकार वाढतो. ‘पावसाळ्यात मशिन नीट चालतं, उन्हाळ्यात वेड्यासारखं वागतं’ असं कोणी सांगितलं तर हसू नका, अर्थ टेस्टर लावा. भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानक संहिता आहे, पॅनेल करणाऱ्याला तिचं नाव माहीत असायला हवं.

आधी पेन, मग प्लाझ्मा

जोडणी झाल्यावर थेट प्लेट कापायची घाई करू नये. आधी मोटरच्या माहितीवरून गणित मांडायचं. उदाहरण घ्या: पिनियन दीड मॉड्युलचं, २० दातांचं. त्याचा घेर सुमारे ९४.२५ मिलिमीटर. मध्ये ५:१ चा गिअरबॉक्स, म्हणजे मोटरच्या एका फेरीत १८.८५ मिलिमीटर चाल. ड्राइव्ह फेरीला २,००० पल्स घेत असेल तर एका मिलिमीटरला साधारण १०६ पल्स. मिनिटाला १२ मीटर वेगाने पळायचं तर सेकंदाला २१ हजारांहून जास्त पल्स लागतात. जुन्या मॅक-थ्रीची नेहमीची सेटिंग सेकंदाला २५ हजारांची, म्हणजे ते बिचारं आधीच काठावर चालत होतं.

गणितानंतर प्रत्यक्ष माप. १,००० मिलिमीटरची चाल देऊन टेपने तपासा, फरक निघेल तो दुरुस्त करा. मग टॉर्चच्या जागी मार्कर पेन बांधा, प्लेटवर पुठ्ठा अंथरा आणि एक मीटरचा चौरस काढा. दोन्ही कर्ण १,४१४ मिलिमीटर आले तर गॅन्ट्री गुण्यात आहे. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंनी मोटर असेल आणि कर्णांत फरक येत असेल, तर एक बाजू पुढे-मागे बसली आहे.

याच पेनने एक फसवी चूकही पकडता येते: एखाद्या अक्षाची दिशा उलटी जोडली जाणे. गोल फ्लँज कापत असाल तर ती कळतच नाही, कारण आरशातला गोल गोलच दिसतो. पण प्लाझ्माचा झोत आतल्या आत फिरत असतो, त्यामुळे नेहमीच्या नोझलमध्ये टॉर्चच्या चालीच्या उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची तिरकी. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोकं उलट दिशेने कापतात. अक्ष उलटा झाला की तिरकी कड जॉबवर आणि सरळ कड भंगारावर जाते. अशा वेळी लोक महिनोन्‌महिने नोझल बदलत बसतात. पुठ्ठ्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर काढलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

मग टीएचसी बंद ठेवून सरळ रेघेचे कट, मग टीएचसी चालू, आणि शेवटी भोकं. बोल्टची छोटी भोकं सावकाश कापायची असतात. क्यूटी-प्लाझ्मा-सी तर ठरावीक मापाखालच्या भोकांना वेग आपोआप ६० टक्क्यांवर आणू शकतं.

लाल बटण आणि कागदपत्रं

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण नुसतं कंट्रोलरच्या इनपुटला जोडू नये. कंट्रोलरच गोठला तर ते बटण दाबून काय उपयोग? त्या बटणाने कॉन्टॅक्टरमार्फत ड्राइव्हची पॉवर आणि प्लाझ्माचा स्टार्ट सिग्नल प्रत्यक्ष तुटला पाहिजे, आणि लाइट जाऊन परत आल्यावर मशिन आपणहून हलता कामा नये. शेवटचा हप्ता देण्याआधी हे समोर उभं राहून तपासून घ्या. कट चालू असताना बटण दाबायला सांगा. काम करणारा कुरकुरला तरी चालेल.

त्याच वेळी पॅरामीटरची फाइल पेन ड्राइव्हवर, पॅनेलच्या वायरिंगचा नकाशा कागदावर आणि पासवर्ड आपल्या वहीत घ्या. प्रत्येक तारेला नंबर आहे का ते बघा. बसवणारा माणूस सहा महिन्यांनी फोन उचलेल याची खात्री नसते. जुन्या पॅनेलचे काढण्याआधीचे फोटोही जपून ठेवा, आणि जुने ड्राइव्ह व कार्ड लगेच भंगारवाल्याला देऊ नका. त्याच कंपनीचं तेच मॉडेल दोन गल्ल्या पलीकडे कोणाकडे तरी अजून चालू असतं, आणि त्याला एक सुटं कार्ड हवं असतं.